मिलान डर्बीच्या मुळाशी असलेला नॉटिंगहॅमचा हर्बर्ट किल्पिन

इटलीतल्या मिलान शहराच्या दोन फुटबॉल क्लबचं, एसी मिलान आणि इंटरचं, वैर (त्यांची मॅच म्हणजे मिलान डर्बी) सगळ्यांना माहितीये, पण ते भांडण मुळात परदेशी खेळाडूंवरून सुरू झालं हे फार कमी लोक सांगतात, आणि गंमत म्हणजे मिलान क्लब उभा करणाराच परदेशी होता.

हर्बर्ट किल्पिन, जन्म 1870, नॉटिंगहॅम, बाप खाटीक. नॉटिंगहॅम म्हणजे तेव्हा लेसचं माहेरघर, हाही त्याच धंद्यात शिरला आणि 1891 ला एदोआर्दो बोसियो नावाच्या कापड व्यापाऱ्याकडे कामाला इटलीतल्या तुरीनला गेला. बोसियोला फुटबॉलचं वेड, त्यामुळे नोकरी आणि मॅच दोन्ही एकाच मालकाकडे! तिथून पुढे तो मिलानला आला आणि डिसेंबर 1899 मध्ये इंग्रज-इटालियन मित्रांनी मिळून क्लब काढला. प्रेसिडेंट आल्फ्रेड एडवर्ड्स, किल्पिन कॅप्टन आणि कोचही तोच. नावात फुटबॉलसोबत क्रिकेटसुद्धा होतं बरं का. जर्सीचा लाल रंग आपण सैतान म्हणून आणि काळा समोरच्यांना धडकी भरावी म्हणून, असं तो म्हणाल्याचं सांगतात. (तुरीनच्या युव्हेंटस क्लबचा काळा-पांढरा शर्टही नॉटिंगहॅमहूनच आलाय, 1903 ला.) गोलपोस्टमागे व्हिस्कीची बाटली ठेवायचा आणि गोल खाल्ला की एक घोट घ्यायचा ही गोष्ट तर त्याच्या नावाला कायमची चिकटलीये.

तेव्हा इटलीत जेनोआ क्लबचा दबदबा होता, देशाची पहिली तिन्ही विजेतेपदं त्यांचीच. 1901 च्या फायनलला मिलानने त्यांना 3-0 हरवलं, मग 1906 आणि 1907 चं विजेतेपद पण मारलं. पण नंतर इटलीच्या फुटबॉल फेडरेशनने परदेशी खेळाडूंवर बंधनं आणली, क्लबमध्येही त्यावरून फूट पडली आणि ज्यांना परदेशी खेळाडू हवे होते त्यांनी 9 मार्च 1908 ला वेगळा क्लब काढला, तोच इंटरनॅझिओनाले, म्हणजे ‘आंतरराष्ट्रीय’, थोडक्यात इंटर. किल्पिन तिकडे गेला नाही, पण त्याच वर्षी मिलानकडून खेळणंही थांबलं. मला विचाराल तर नावाप्रमाणे बघितलं तर त्याची जागा इंटरमध्येच होती.

1916 मध्ये तो मिलानमध्येच वारला, 46 वर्षांचा. थडग्यावर नाव नव्हतं, अनेक दशकांनी एका चाहत्याने ते शोधून काढलं आणि क्लबच्या शंभरीला, 1999 मध्ये, अवशेष शहराच्या मानाच्या स्मशानभूमीत हलवले. इंटरने पहिलं विजेतेपद 1910 लाच घेतलं होतं. मिलानला 1907 नंतरचं पुढचं मिळायला थेट 1951 उजाडलं.