कामाच्या कपड्यांची गोधडी : जीज बेंडची पार्श्वभूमी

अमेरिकेच्या अलाबामा राज्यात, विल्कॉक्स काउंटीत (म्हणजे जिल्ह्यात), अलाबामा नदी घोड्याच्या नालेसारखी वळते. तिन्ही बाजूंनी पाणी असलेल्या या जमिनीवर जोसेफ गी या मळेवाल्याने १८१६ मध्ये गुलामांना राबवून कापूस लावला. तेच जीज बेंड, क्विल्टांसाठी म्हणजे गोधड्यांसाठी ओळखलं जाणारं गाव. १८४५ मध्ये मळा मार्क पेटवेच्या हाती गेला. इथल्या कितीतरी कृष्णवर्णीय कुटुंबांचं आडनाव आजही पेटवे आहे, म्हणजे मालकाचं.

गुलामी संपली तरी जमीन मालकाचीच राहिली आणि लोक कुळं म्हणून राबत राहिले. १९३२ मध्ये एका सावकार-व्यापाऱ्याच्या मृत्यूनंतर वसुलीसाठी इथल्या घरांतली जनावरं, अवजारं, धान्यसुद्धा उचलून नेलं. लाकडी खोपटांच्या फटींतून वारा यायचा. बायका जुन्या कपड्यांचे तुकडे जोडून क्विल्ट शिवत, ते या थंडीसाठी. १९४२ मध्ये मिझुरी पेटवे यांनी नवरा गेल्यावर त्याच्या कामाच्या कपड्यांचाच क्विल्ट केला. विटलेलं कापड, गुडघ्यांवर झिजलेलं. आपल्याकडे आजीच्या लुगड्याची गोधडी जपणाऱ्यांना यातलं मन वेगळं समजवावं लागत नाही.

१९३०-४० च्या दशकांत सरकारने मळा विकत घेऊन कुटुंबांना कर्जावर जमिनी दिल्या. कृष्णवर्णीयांना मतदानापासून दूर ठेवलं जात होतं, पण स्वतःची जमीन असल्यामुळे पुढे मतदार नोंदणीची हिंमत करणाऱ्यांना हुसकावणं सोपं राहिलं नाही. त्याच सुमारास, १९६२ मध्ये, जिथे ही नोंदणी व्हायची त्या काउंटीच्या मुख्य गावी, कॅम्डनला, नेणारी फेरीबोट बंद झाली. नदीपलीकडचं गाव रस्त्याने तासाभराच्या अंतरावर गेलं. फेब्रुवारी १९६५ मध्ये मार्टिन ल्यूथर किंग इथे येऊन बोलले.

१९६६ मध्ये फादर फ्रान्सिस वॉल्टर यांच्या पुढाकाराने जवळच 'फ्रीडम क्विल्टिंग बी' ही बायकांची सहकारी संस्था उभी राहिली. बी म्हणजे एकत्र बसून शिवायचा मेळा. क्विल्ट न्यूयॉर्कला लिलावात गेले. १९७२ पासून सिअर्स या मोठ्या दुकान-कंपनीसाठी कॉर्डरॉयचे, म्हणजे उभ्या रेघांच्या जाड कापडाचे, अभ्रे शिवायचं काम आलं, आणि उरलेल्या कॉर्डरॉयच्या पट्ट्या घरच्या क्विल्टांत शिरल्या. काही अतिशय देखणे नमुने त्यातूनच आले.

२००२ मध्ये ह्यूस्टनच्या कलासंग्रहालयात हे क्विल्ट भिंतींवर टांगले गेले, आणि समीक्षकांना त्यांत आधुनिक चित्रकला दिसली. मला ही तुलना अपुरी वाटते. या रेषा हाताशी असलेल्या कापडाने आणि आईच्या, शेजारणीच्या नजरेने ठरवल्या होत्या.

२००६ मध्ये अमेरिकेच्या टपाल खात्याने या क्विल्टांची दहा तिकिटं काढली. त्याच वर्षी, ४४ वर्षांनी, फेरीबोट पुन्हा सुरू झाली.