रुंदपट्टी अनुकूली अँटेना-मालिका : संकेतप्रक्रिया

अनेक अँटेनांनी पकडलेल्या संकेतांना भार (संकेताची ताकद आणि फेज, म्हणजे लहरीची कला, बदलणारा गुणक) देऊन त्यांची बेरीज करणे, बीम (जास्त ग्रहणाचा झोत) हव्या दिशेकडे ठेवणे आणि व्यत्ययाच्या दिशेला नल (जवळपास शून्य ग्रहणाची खाच) पाडणे, हे या मालिकेचे काम. भार परिस्थितीनुसार आपोआप बदलतात, म्हणून ती अनुकूली.

पट्टी रुंद असली की दर अँटेनाला एकच भार पुरत नाही, कारण फेज-शिफ्टर (लहरीची कला सरकवणारा भाग) एकाच वारंवारितेला खऱ्या विलंबाची जागा घेतो. भारतातील ३३०० ते ३६७० मेगाहर्ट्‌झचा ५जी पट्टा घ्या. फेज-शिफ्टरने पट्ट्याच्या मध्याला, ३४८५ ला, समोरच्या दिशेपासून ६०° वर रोखलेला बीम खालच्या टोकाला सुमारे ६६°, वरच्या टोकाला ५५° वर जातो. बीमचे हे सरकणे एक वेळ निभावते, नलचे नाही. दोन वाहिन्यांत १° फेजचूक राहिली तर नल ३५ डेसिबलपुढे खोल जात नाही. ५° राहिली तर २१ वरच थांबतो.

या तंत्राच्या उगमाविषयी एकमत नाही. १९६४ च्या सुमारास ‘अनुकूली’ हा शब्द स्वतः फेज जुळवणाऱ्या मालिकांनाही लावला जाई. हॉवेल्स यांच्या साइडलोब-कॅन्सलरच्या (बाजूच्या दिशांनी येणारा व्यत्यय खोडणाऱ्या यंत्रणेच्या) पेटंटचा अर्ज १९५९ चा, मंजुरी १९६५ ची. नल पाडण्याच्या कल्पनेचा आरंभ तिथे मानणे अधिक सयुक्तिक. रुंद पट्टीवरचा उपाय म्हणजे टॅप्ड डिले लाइन : प्रत्येक अँटेनामागे विलंबाचे टप्पे आणि दर टप्प्याला (टॅपला) वेगळा भार. तिचे श्रेय अनेकदा फ्रॉस्ट (१९७२) यांना दिले जाते. पण विड्रो व सहकाऱ्यांच्या १९६७ च्या लेखात ती रचना आधीच आहे. फ्रॉस्ट यांची खरी भर बंधनाची : हव्या दिशेचा प्रतिसाद बांधून ठेवायचा आणि एकूण शक्ती किमान करायची. ग्रिफिथ्स व जिम (१९८२) यांनी तेच गणित बंधनाविना सोडवता येईल असे मांडले.

१६ अँटेना आणि प्रत्येकी ५ टॅप म्हणजे ८० भार. ते ठरवायला लागणाऱ्या कोव्हेरियन्स मॅट्रिक्ससाठी (संकेतांच्या परस्परसंबंधांच्या तक्त्यासाठी) साधारण १६० स्वतंत्र नमुने लागतात, आणि तेवढ्यावरही सरासरी ३ डेसिबलचा तोटा राहतो. एलएमएस ही दर नमुन्यागणिक भार थोडेथोडे सुधारणारी पद्धत गणनेला स्वस्त आहे. मात्र प्रबळ व क्षीण व्यत्यय एकत्र आले की ती रेंगाळते. दुसरा मार्ग एफएफटीने (संकेत वारंवारितांत विभागणाऱ्या गणिताने) उपपट्ट्या पाडण्याचा. त्या फार अरुंद केल्या तर प्रत्येकीला नमुने अपुरे पडतात.

रोखलेली दिशा किंचित चुकली तर मालिका हवा असलेला संकेतच व्यत्यय समजून पुसते. त्यावर उपाय म्हणून कोव्हेरियन्स मॅट्रिक्सच्या कर्णावर थोडी भर (डायगोनल लोडिंग) घालतात. नल मात्र किंचित उथळ होतो.

वाहिन्यांतली फेजचूक केबलच्या तापमानानेही येते. सोलापुरात जानेवारीतल्या गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत पहाटेचा पारा १९° सेल्सियसच्या खाली उतरतो आणि दुपारी ३० च्या आसपास चढतो. याच १९° जवळ केबलमधल्या पीटीएफई (टेफ्लॉन) या विद्युतरोधकाची स्फटिकरचना बदलते व केबलची विद्युत लांबी सरकते. सर्व केबल सारख्याच तापल्या तर बिघडत नाही. गच्चीवर एक उन्हात आणि दुसरी पाण्याच्या टाकीच्या सावलीत असली की कॅलिब्रेशन (वाहिन्यांची आधी केलेली जुळणी) मोडते. म्हणून केबल एकाच रिळातल्या, सम लांबीच्या, एकत्र बांधलेल्या असाव्यात, आणि पायलट (ओळखीच्या चाचणी) संकेताने पट्ट्याच्या मध्याबरोबर दोन्ही टोकेही सकाळी व दुपारी तपासावीत.