वलंदेजांचा डाव

पाळीपाळीने खेळायच्या व्यूहखेळांत एक जुनी गंमत आहे. सेव्ह केलेला डाव एकच, खेळणारे चार-पाच. एकाने काही पाळ्या खेळायच्या, काय केलं आणि का केलं ते लिहायचं आणि फाइल पुढच्याच्या हवाली करायची. पुढच्याला आधीच्याची वस्ती, कर्ज, अर्धवट बांधलेला किल्ला, सगळं जसंच्या तसं पदरात पडतं. मायक्रोप्रोजच्या १९९४ सालच्या ‘कॉलोनायझेशन’ या, अमेरिकेत वसाहती वसवायच्या, संगणकखेळात वलंदेजांची, म्हणजे डचांची, बाजू घेऊन असा डाव मांडला, की ही वाटणी फारच शोभून दिसते. कारण डचांची खरी कंपनीसुद्धा जवळपास याच पद्धतीने चालत होती.

सुरुवात लिस्बनपासून. सोळाव्या शतकात मिरी, लवंग, जायफळ पोर्तुगीज जहाजांतून लिस्बनला यायचं आणि तिथून डच व्यापारी ते उत्तर युरोपात विकायचे. १५८० मध्ये पोर्तुगालचा मुकुट स्पेनच्या राजाकडे गेला. त्याच राजाविरुद्ध डचांचं बंड चालू होतं, त्यामुळे लिस्बनचा बाजार बेभरवशाचा झाला. मग माल मुळातूनच आणायचा ठरला. वाट दाखवली गोव्याने. यान हाउखेन व्हान लिन्सखोतेन हा तरुण डच १५८३ पासून पाच-सहा वर्षं गोव्याच्या आर्चबिशपच्या पदरी चिटणीस होता. पोर्तुगीज जपून ठेवायचे त्या समुद्रमार्गांची माहिती त्याने मायदेशी परतल्यावर १५९६ मध्ये छापून मोकळी केली.

पहिल्या सफरींमध्ये वेगवेगळ्या डच शहरांचे गट आजच्या इंडोनेशियातल्या जावा आणि मोलुक्का बेटांवर एकमेकांवर बोली लावत. खरेदीचा भाव चढे आणि घरी विक्रीचा पडे. हे थांबवायला २० मार्च १६०२ रोजी सगळ्यांची मिळून एक कंपनी झाली, डच ईस्ट इंडिया कंपनी, म्हणजे व्हीओसी. केप ऑफ गुड होपच्या पूर्वेपासून मॅगेलनच्या सामुद्रधुनीपर्यंतच्या डच व्यापाराचा मक्ता २१ वर्षांसाठी तिच्याकडे आला. तह करणं, किल्ले बांधणं, फौज ठेवणं, हेही तिच्या सनदेत होतं. भांडवल सुमारे ६४ लाख गिल्डर (डच नाणं) जमलं. अ‍ॅमस्टरडॅममधली नोंदणी दिर्क व्हान ओस या संचालकाच्या घरी होत होती आणि त्या वहीत त्याच्याच घरच्या मोलकरणीचे १०० गिल्डरही आहेत. खेळात हे कुठेच दिसत नाही. तिथे पैसा आपोआप तिजोरीत असतो.

व्यापारी असून सनदेत फौज, ही खोच आपल्याकडे नेमकी ओळखली गेली होती. अठराव्या शतकाच्या सुरुवातीच्या आज्ञापत्रात रामचंद्रपंत अमात्य बजावतात की, फिरंगी (म्हणजे पोर्तुगीज), इंग्रज, वलंदेज हे टोपीकर सावकारी करतात खरे, पण ते इतर सावकारांसारखे नव्हेत, त्यांचे धनी राज्यं करतात. अमात्यांसमोर उदाहरणं काही दूरची नव्हती. गोव्याच्या पोर्तुगीजांवर नजर ठेवायला डचांनी १६३७ मध्ये आदिलशाहीच्या परवानगीने वेंगुर्ल्याला वखार घातली होती. तिचे पडके अवशेष आजही तिथे उभे आहेत.

आता पाळीचा मुद्दा. कंपनीचा कारभार सतरा संचालक पाहत. पण हॉलंड ते जावा प्रवास साधारण आठ महिन्यांचा, म्हणजे पत्र आणि उत्तर मिळून दीड-दोन वर्षं. याची झळ यान पीटरसून कून या गव्हर्नर-जनरलला चांगलीच बसली. मे १६१९ मध्ये त्याने जाकार्ता जाळून जिंकलं. तिथेच पुढे बटाव्हिया उभं राहिलं. इंग्रजांना त्या समुद्रातून हुसकून लावायचं त्याने मनावर घेतलं होतं. त्याच उन्हाळ्यात लंडनमध्ये डच आणि इंग्रज कंपन्यांची मैत्री ठरली, मसाल्याची वाटणीसुद्धा झाली. कूनला हे कळलं थेट १६२० मध्ये. संचालकांना त्याने चांगलंच खरमरीत पत्र धाडलं. साहजिकच आहे, आपला जिंकत आलेला डाव दुसऱ्याने परस्पर तहात घालवलेला कोणाला आवडेल?

शिवाय जाणाऱ्या अधिकाऱ्याने येणाऱ्यासाठी सविस्तर टिपण लिहून ठेवायचा दंडक होता. कुठल्या राजाशी काय करार आहे, कोणाची बाकी किती, कुठला बुरूज ढासळतोय, कोणावर विश्वास टाकू नये, असं सगळं त्यात असे. श्रीलंकेपासून मलबारपर्यंत अशी हवाला-टिपणं मिळतात आणि इतिहासकारांचा मोठा आधार तीच आहेत. फाइल पुढे देताना खेळाडू लिहितात ते याहून फार वेगळं नसतं. फरक इतकाच की वलंदेज अधिकारी आपल्या चुका झाकायला जास्त कागद खर्च करत.

‘कॉलोनायझेशन’मध्ये डचांना दोन सवलती आहेत. सुरुवातीला मोठं व्यापारी जहाज मिळतं आणि अ‍ॅमस्टरडॅममधले मालाचे भाव इतरांच्या मानाने कमी घसरतात. दुसरी सवलत इतिहासात फुकट मिळाली नव्हती. जायफळ तेव्हा जगात फक्त मोलुक्कामधल्या बांदा बेटांवर पिकत होतं. १६२१ मध्ये कूनने आरमार घेऊन ही बेटं चिरडली. ८ मे रोजी ४४ मुखियांना जपानी भाडोत्री सैनिकांकरवी ठार केलं. बेटांची वस्ती अंदाजे १५,००० होती, ती हजारावर आली. उरलेली जमीन वाड्या पाडून डच मळेवाल्यांना दिली आणि तिच्यावर राबायला गुलाम आणले. लवंगेचं पीक मोलुक्कामधल्याच अंबोनपुरतं राहावं म्हणून इतर बेटांवरची झाडं तोडण्यात आली. एवढं करूनही माल जास्त झाला की अ‍ॅमस्टरडॅममध्ये मसाला जाळत. भाव टिकतात ते असे! खेळात यातलं काहीच नाही, आणि गुलामगिरी तर संपूर्ण वगळलेली आहे. माझ्या मते हा त्या खेळाचा सगळ्यात मोठा खोटेपणा.

आणखी एक सरमिसळ आहे. कीर्ती पूर्वेच्या कंपनीची, पट मात्र अमेरिकेचा. तिथे १६२१ मध्ये स्थापन झालेली दुसरी, वेस्ट इंडिया कंपनी होती. तिचा मुख्य धंदा ब्राझीलची साखर, स्पॅनिश जहाजांची लूट आणि पुढे गुलामांचा व्यापार. आजच्या न्यू यॉर्कच्या परिसरातली न्यू नेदरलँड ही तिची दुय्यम वसाहत होती. नोव्हेंबर १६२६ मध्ये अ‍ॅमस्टरडॅमला आलेल्या जहाजाची खबर एका पत्रात आहे. मॅनहॅटन बेट ६० गिल्डरच्या मोबदल्यात घेतलं, असं त्यात एका ओळीत येतं आणि लगेच जहाजावरच्या मालाची यादी सुरू होते: बीव्हरची ७,२४६ कातडी, शिवाय ऑटर, मिंक, रानमांजरं. तेव्हाचा गव्हर्नर पीटर मिन्यूइट. खेळात ऐतिहासिक व्यक्तींची एक सभा जमवता येते आणि प्रत्येकाबरोबर एखादी सवलत मिळते. हाच मिन्यूइट आपल्या सभेत आला की मूळ रहिवाशांना जमिनीचे पैसे द्यावेच लागत नाहीत. जमिनीची किंमत दिली म्हणून ज्याचं नाव राहिलं, त्याच्या वाट्याला हे यावं!

पीटर स्टाय्व्हेसंट सभेत आला की जकातघर बांधता येतं आणि माल आपोआप विकला जातो. खरा स्टाय्व्हेसंट लाकडी पायाचा, हेकट, १६४७ पासूनचा न्यू नेदरलँडचा कारभारी. ऑगस्ट १६६४ मध्ये चार इंग्रज युद्धनौका मॅनहॅटनवरच्या न्यू अ‍ॅमस्टरडॅम शहराच्या बंदरात आल्या, तेव्हा त्याला लढायचं होतं. शहरातल्या ९३ प्रतिष्ठितांनी शरण जा म्हणून अर्ज दिला. सह्या करणाऱ्यांत त्याचा मुलगाही होता. गोळी न झाडता शहर गेलं आणि त्याचं न्यू यॉर्क झालं. १६६७ मध्ये ब्रेडाचा तह होताना डचांनी ते परत घेण्याचा हट्ट धरला नाही. त्यांनी उसाच्या मळ्यांचं सुरिनाम आणि बांदातलं जायफळाचं चिमुकलं रन बेट ठेवून घेतलं. त्या वेळच्या हिशेबाने हा सौदा त्यांना फायद्याचाच वाटला.