लग्नात दिलं म्हणजे वाटा फिटला?

निफाडकडे द्राक्षबागेच्या वारस नोंदीची वेळ आली की एक वाक्य ठरलेलं: "लग्नात एवढं दिलं, आता तिचा वाटा कसला?" मग बहिणीला माहेरी बोलावतात, पुरणपोळी होते आणि हक्कसोडपत्रावर सही. आमच्या आत्याने ओट्यावर बसून, चष्मा न लावताच केली होती.

कायद्यात असं काही नाही. महाराष्ट्राने २२ जून १९९४ पासून मुलींना वडिलोपार्जित एकत्र मिळकतीत जन्मतः हक्क दिला. त्याआधी लग्न झालेल्या मुली मात्र वगळल्या होत्या. गैरसमजाचं एक मूळ बहुधा तिथेच. हिंदू वारसा कायद्यातल्या २००५च्या केंद्रीय दुरुस्तीने तीही अट गेली. २० डिसेंबर २००४ पूर्वीच्या रीतसर वाटण्या तेवढ्या कायम. वडील २००५ मध्ये हयात असायला हवेत असंही नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केलं. मांडवाचा खर्च वाट्यातून वजा करणारं कलम वारसा कायद्यात शोधून सापडणार नाही.

"कागदावर हक्क देऊन काय फरक पडतो?" असंही विचारतात. पडतो. डाइनिंगर, गोयल आणि नागराजन या अर्थशास्त्रज्ञांनी महाराष्ट्र-कर्नाटकातल्या १९९४च्या बदलांचा तीन पिढ्यांच्या वारशावरचा परिणाम तपासला. मुलींना जमीन मिळण्याची शक्यता वाढली, भेदभाव मात्र बराच उरला. आणि मला जास्त महत्त्वाचं वाटतं ते हे: मुलींचं शिक्षणही वाढलं.

स्वखुशीने नोंदवलेलं हक्कसोडपत्र चालतं. पण हक्क सोडायला आधी तो असावा लागतो, आणि नेमकं तेच आत्याला कुणी सांगितलं नव्हतं.