रूट कॅनाल उपचार

रूट कॅनाल उपचार : कीड, तडा किंवा मार यांमुळे बिघडलेली दातातील मज्जा (आतला नसा-रक्तवाहिन्यांचा मऊ भाग) काढून, मुळांमधील नलिका स्वच्छ करून त्या कायमच्या बंद करण्याची दंतवैद्यकातील पद्धत. बोलीत हिला ‘नस काढणे’ म्हणतात. दात उपटण्याची वेळ टाळणे हा हिचा हेतू.

कीड मज्जेपर्यंत पोहोचली की गार-गरम लागल्यावरची कळ बराच वेळ टिकते आणि रात्री आडवे होताच दाढ ठणकू लागते. काही दिवसांनी हा ठणका आपोआप थांबतो, आणि रुग्णाची फसगत होते ती इथेच. बहुधा मज्जा मेलेली असते. जंतुसंसर्ग मुळाच्या टोकाकडे सरकत असतो. मेलेल्या मज्जेला रक्तपुरवठा नसल्याने प्रतिजैविक तिथवर पोहोचत नाही. औषधाच्या दुकानातून आणलेल्या गोळ्यांनी उपचार फक्त लांबतो.

उपचाराआधी एक्स-रे काढून भूल दिली जाते. मज्जा सुजलेली असेल, तर खालच्या जबड्यातील दाढेत पहिली भूल अनेकदा पुरती चढत नाही. अशा वेळी सहन करत न बसता हात वर करावा. भूल वाढवता येते. दाताभोवती रबर डॅम (रबराचा पातळ पडदा) लावून, बारीक फायलींनी (सुईसारख्या कानशींनी) नलिका घासून सोडियम हायपोक्लोराइट या जंतुनाशकाने धुतात आणि गटापर्चा या रबरासारख्या पदार्थाने भरतात. पुढच्या वरच्या दातात सहसा एकच नलिका असते, दाढेत 3 ते 4. वरच्या पहिल्या दाढेतील चौथी नलिका सापडायला अवघड; ती राहून गेली तर दुखणे पुन्हा उद्भवू शकते. नंतर दोन-चार दिवस चावताना दुखणे स्वाभाविक आहे. सूज वाढली किंवा ताप आला तर मात्र डॉक्टरांकडे जायला थांबू नये.

नागपूर आणि एकूण विदर्भात या उपचारात खर्रा आडवा येतो. सुपारी, तंबाखू आणि चुना घोटून केलेला हा प्रकार वर्षानुवर्षे गालात धरल्याने तोंडाचे अस्तर कडक होते. यामागे मुख्यतः सुपारी असते, त्यामुळे ‘तंबाखू सोडला, नुसती सुपारी खातो’ या सबबीला अर्थ नाही. तोंड दोन बोटेही उघडत नसेल, तर शेवटच्या दाढेपर्यंत फाईल न्यायची कशी? अशा तोंडात दाढ काढणेही सोपे नसते. खर्ऱ्याची सवय डॉक्टरांपासून लपवण्यात रुग्णाचेच नुकसान आहे. मधुमेह, गर्भारपण आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या यांचीही माहिती आधीच द्यावी. त्या गोळ्या मनाने बंद करू नयेत.

नागपुरात मेडिकलच्या (शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या) परिसरातील शासकीय दंत महाविद्यालयात हा उपचार खासगी दवाखान्यापेक्षा कमी खर्चात होतो. पदव्युत्तर विद्यार्थी अध्यापकांच्या देखरेखीखाली काम करतात. रांग असते, फेऱ्याही जास्त होऊ शकतात. गावाकडून येणाऱ्यांनी एकूण किती सिटिंग लागतील ते पहिल्याच दिवशी विचारून घ्यावे, कारण पहिल्या सिटिंगनंतर ठणका थांबला की बरेच जण परत फिरकत नाहीत. दोन सिटिंगच्या मधल्या काळापुरते दातात भरलेले सिमेंट झिजते, लाळ आत झिरपते आणि संसर्ग नव्याने सुरू होतो.

नलिका भरल्यावरही दाढ पोखरलेलीच असते. तिच्यावर सहसा कॅप (दात झाकणारे टोपण) बसवावी लागते. पुढच्या दाताला ती दर वेळी लागतेच असे नाही. कॅपचा खर्च बहुधा वेगळा असतो, तो आधीच विचारावा. कॅपआधी त्या बाजूने सुपारी फोडली, तर दाढ मुळापर्यंत चिरू शकते, आणि अशी चिरलेली दाढ बहुतेक वेळा काढावीच लागते.