मोटारसायकलच्या टायरची झीज व तिचे मापन

मोटारसायकलच्या टायरवरील खाचांची उरलेली खोली ठरावीक अंतराने मोजून ती ओडोमीटरच्या आकड्यासह नोंदवण्याची पद्धत. झिजेचा वेग, तिची जागा आणि टायर बदलण्याची वेळ यांचा अंदाज या नोंदींवरून बांधता येतो. पूर्ण झिजलेला टायर ‘गोटा झाला’ असे बोलीत म्हणतात.

रबरी टायरवर खाचांची नक्षी प्रथम कोणी आणली याविषयी एकमत नाही. जर्मनीतील कॉन्टिनेन्टल कंपनी मोटारीच्या नक्षीदार टायरसाठी 1904 हे वर्ष सांगते. अमेरिकेत हा मान 1908 च्या सुमारास फायरस्टोन व गुडइयर यांनी आणलेल्या टायरना दिला जातो. पहिला दावा आधीचा असल्याने तो ग्राह्य धरणे सयुक्तिक दिसते, पण दोन्हींचा मुख्य आधार कंपन्यांनी सांगितलेला स्वतःचाच इतिहास आहे. रबरात काजळी (कार्बन ब्लॅक) मिसळण्याची पद्धत साधारणपणे 1910 नंतरच्या दशकात रुळली. तिने टायरचे आयुष्य पुष्कळ वाढले.

टायर झिजतो तो घसरणीमुळे. चाक नुसते फिरत असले तरी जमिनीला टेकलेल्या भागात सूक्ष्म घसरण चालूच असते. वेग वाढवताना, ब्रेक लावताना व वळताना ती वाढते. आडव्या घसरणीच्या कोनाच्या (चाकाचे तोंड असलेली दिशा व ते प्रत्यक्ष जाते ती दिशा यांतील कोन) साधारण वर्गाच्या प्रमाणात झीज वाढते, असे रबराच्या झिजेचे अभ्यासक शालामाख व टर्नर यांनी 1960 मध्ये मांडले. इंजिनाचा जोर मागच्या चाकावर येत असल्याने मागचा टायर बहुधा आधी संपतो, आणि सरळ महामार्गावर त्याचा मध्यभाग चपटा होतो.

मोटारीचा टायर आडव्या छेदात जवळजवळ सपाट असतो, मोटारसायकलचा गोलाकार. म्हणून मध्यावरचे एकच माप अपुरे ठरते. मध्य, डावी बाजू व उजवी बाजू अशी तीन मापे, परिघावर तीन-चार ठिकाणी, खोलीमापक गेजने घ्यावीत. खाचेतील झीजदर्शक उंचवट्यावर (टायर किमान खोलीपर्यंत झिजल्याचे दाखवणारा खाचेच्या तळाचा उंचवटा) गेज टेकवू नये. उदाहरणार्थ, मध्यावरची खोली 6.0 मिमी वरून 6,000 किमी नंतर 4.8 मिमी झाली, तर झीज दर हजार किमीला 0.2 मिमी पडते. त्या वेगाने 0.8 मिमी या भारतातील किमान मर्यादेपर्यंत आणखी सुमारे 20,000 किमी मिळतील. हा हिशोब झीज एकसमान मानतो. नव्या टायरचे खाचांमधले रबराचे उंच ठोकळे जास्त हलत असल्याने सुरुवातीचा वेग अधिक असू शकतो.

एका बाजूच्या झिजेचे कारण वादग्रस्त आहे. डावीकडून वाहतूक असलेल्या देशांत टायरची उजवी बाजू अधिक घासते, असे चालक सांगतात. एक मत याचे कारण रस्त्याचा आडवा उतार मानते. रस्ता डाव्या कडेकडे उतरता असतो, त्यामुळे न झुकता जाणाऱ्या गाडीचा टायर मध्याच्या किंचित उजवीकडे टेकतो. पण हे सरकणे फार थोडे आहे. उतार 2 ते 2.5 टक्के व टायरच्या आडव्या छेदाची त्रिज्या 50 ते 100 मिमी धरली, तर ते सुमारे 1 ते 2.5 मिमीच भरते. दुसरे मत वळणांकडे बोट दाखवते. डावीकडून जाणाऱ्याला उजवे वळण मोठ्या त्रिज्येचे पडते, आणि चौकातील वर्तुळाला वळसा घालतानाही गाडी उजवीकडे झुकते. यातही एक गृहीत आहे: दोन्ही वळणांत झुकाव सारखा असेल तरच लांब वळणात जास्त झीज होईल. वेग सारखा ठेवला तर लहान, डावे वळणच अधिक घासेल. प्रत्यक्षात चालक मोकळे वळण अधिक वेगाने घेतो, म्हणून दुसरे मत अधिक पटते. तीन मापांची नोंद येथे निर्णायक ठरते. झीज उतारामुळे असेल तर चपटा पट्टा मध्यालगतच सापडावा, वळणांमुळे असेल तर खांद्यावर, म्हणजे टायरच्या कडेकडच्या भागावर.

भारतात केंद्रीय मोटार वाहन नियम, 1989 मधील नियम 94 प्रमाणे खाचांची किमान खोली दुचाकी-तिचाकींसाठी 0.8 मिमी व इतर वाहनांसाठी 1.6 मिमी आहे. अमेरिकेत मोटारसायकलच्या टायरवर याच 0.8 मिमी खोलीचे किमान तीन झीजदर्शक असावे लागतात. ब्रिटनमध्ये 50 घन सेंमीहून मोठ्या गाड्यांना रुंदीच्या तीन-चतुर्थांश भागावर 1 मिमी, तर जर्मनीत मोटारसायकलींना 1.6 मिमी खोली लागते. खाचेत नाणे उभे घालून खोली पाहण्याची अमेरिकेतील चाचणी 1.6 मिमी पाहते, त्यामुळे ती दुचाकीला जशीच्या तशी लागू पडत नाही.

खोलीवरून टायरचे वय कळत नाही. ते बाजूच्या भिंतीवरील चार अंकांत असते: 2319 म्हणजे 2019 चा 23 वा आठवडा. मातीवरच्या शर्यतींच्या टायरमध्ये ठोकळ्यांच्या कडा बोथट होणे खोलीपेक्षा महत्त्वाचे मानतात.