जुनी ठसठशीत अंगठी गिफ्ट द्यायचीय? आधी ती उलटी करून बघा

सुट्ट्यांचा सीझन जवळ आला की आमच्याकडे हमखास येणारा प्रश्न म्हणजे "काहीतरी मोठं, जुन्या काळचं दाखवा ना, दुसऱ्या कुणाकडे नसेल असं, गिफ्ट द्यायचंय." आम्ही ट्रे काढून ठेवतो आणि बघणारा लगेच वरच्या खड्यातच अडकतो, केवढा आहे, कसा चमकतो, फोटोत कसा येईल. ते साहजिकच आहे, पण आम्ही प्रत्येकाला सांगतो की थांबा, आधी अंगठी उलटी करा. जुन्या अंगठीची खरी माहिती तिच्या पाठीवर असते, खड्याच्या खाली, पट्टीच्या आतल्या बाजूला, जिथे कुणीतरी कधीतरी डाख दिलाय (म्हणजे धातू वितळवून सांधा जोडलाय) तिथे, आणि ती नव्या बोटात अजून किती वर्षं टिकेल हेही तिथेच कळतं.

दोन शब्द आधी क्लिअर करून घेऊ. अँटिक म्हणजे शंभर वर्षं किंवा त्याहून जुनी. व्हिंटेज म्हणजे त्यापेक्षा नवी पण साधारण वीस-तीस वर्षं तरी उलटून गेलेली. आणि "व्हिंटेज स्टाइल" असं लिहिलेलं असेल तर ती नवीनच अंगठी आहे, फक्त डिझाइन जुनं. तीही छान असू शकते, पण घेताना माहीत असायला हवं.

पाठ काय सांगते

अंगठीच्या आत बारीक शिक्के असतात, ते भिंगातून बघा, किंवा मोबाइलचा कॅमेरा झूम करून बघितलं तरी बऱ्याचदा दिसतात. ब्रिटिश अंगठीवर जहाजाचा नांगर असेल तर ती बर्मिंगहॅमला तपासलेली, बिबट्याचं तोंड असेल तर लंडनला, आणि सोबत एक अक्षर असतं त्यावरून वर्ष काढता येतं. फ्रेंच १८ कॅरेट सोन्यावर गरुडाचं डोकं असतं, हा शिक्का १८३८ पासून चालत आलाय. आमचा सगळ्यात आवडता शिक्का म्हणजे १५ कॅरेटचा. ब्रिटनमध्ये ९, १२ आणि १५ कॅरेटला परवानगी मिळाली १८५४ मध्ये, आणि १२ आणि १५ बंद होऊन त्यांच्या जागी १४ आलं १९३२ मध्ये, त्यामुळे ब्रिटिश अंगठीत खरा १५ चा शिक्का दिसला की ती पट्टी त्याच मधल्या काळातली, इतका सोपा हिशोब आहे. पण शिक्का नाही म्हणून अंगठी खोटी असं धरू नका, खूप जुन्या अंगठ्यांवर शिक्का मारलेलाच नसतो, कधी साइज बदलताना नेमका तेवढाच तुकडा कापला जातो, तर कधी वापरून वापरून तो पुसून जातो.

मग डाख बघा. सोन्याच्या पट्टीवर राखाडी, मळकट असा ठिपका दिसला तर तिथे कुणीतरी शिशाचा डाख वापरून घाईत काम उरकलंय, ते पुढे त्रास देतं. पट्टी तळहाताच्या बाजूने झिजून कागदासारखी पातळ झालीय का तेही बघा, कारण मोठ्या खड्याचं सगळं वजन तीच पेलते. खडा धरून ठेवणाऱ्या नख्या बोटाच्या टोकाने हलकेच चाचपा, टोचली किंवा कापडात अडकली की समजायचं नखी उचलली गेलीय. अंगठी कानाजवळ नेऊन हळूच हलवा, बारीक टिकटिक आली तर खडा सैल आहे. या सगळ्याची दुरुस्ती होते, पण ती गिफ्ट देण्याआधी व्हायला हवी, नंतर नाही.

आणखी एक, काही "अँटिक अंगठ्या" मुळात अंगठ्या नसतातच. जुन्या टायपिनचा वरचा भाग किंवा ब्रोचचा मधला तुकडा काढून तो नव्या पट्टीवर बसवलेला असतो. आम्हाला असे पीस आवडतात, नाहीतर ते डब्यात पडून राहिले असते, पण विकणाऱ्याने हे आधी सांगायलाच पाहिजे, आणि पाठ बघितली की वरच्या भागाचं आणि पट्टीचं सोनं वेगवेगळ्या रंगाचं दिसतं, तिथेच कळतं.

कोणत्या काळातली, कोणासाठी

सगळ्यात जुनी म्हणजे जॉर्जियन, ब्रिटनच्या जॉर्ज नावाच्या राजांच्या काळावरून पडलेलं नाव, १८३७ च्या आधीची. त्यांचं कोंदण मागून पूर्ण बंद असतं आणि खड्याखाली चमकीचा पातळ पत्रा ठेवलेला असतो, मेणबत्तीच्या उजेडात खडा आतून पेटल्यासारखा दिसावा म्हणून. या अंगठीला पाणी चालत नाही. अजिबात नाही. आम्ही हे नुकसान करून शिकलोय, सुरुवातीच्या काळात एक गुलाबी खड्यांची अंगठी साबणाच्या पाण्यात ठेवली, सकाळी बघितलं तर सातपैकी तीन खडे राखाडी पडले होते, पाणी आत शिरून पत्रा काळा झाला होता आणि ते परत पहिल्यासारखं होत नाही. म्हणून ज्यांचे हात दिवसभर पाण्यात असतात त्यांच्यासाठी आम्ही जॉर्जियन अंगठी दाखवतच नाही.

व्हिक्टोरियन काळात (१८३७ ते १९०१) अंगठ्या बोलायला लागल्या. प्रिन्स अल्बर्टने व्हिक्टोरिया राणीला दिलेली साखरपुड्याची अंगठी सापाच्या आकाराची होती, डोक्यावर पाचू, आणि साप म्हणजे न संपणारं प्रेम, त्यानंतर सापाच्या अंगठ्यांची लाटच आली. याच काळात खड्यांच्या इंग्रजी नावांच्या पहिल्या अक्षरांतून शब्द लिहिलेल्या अंगठ्याही खूप झाल्या. रुबी, एमराल्ड, गार्नेट, ॲमेथिस्ट, रुबी, डायमंड अशा ओळीने बसवले की 'रिगार्ड' हा शब्द तयार होतो, म्हणजे आदर, जिव्हाळा. बहिणीला, मैत्रिणीला, शिक्षिकेला द्यायला याहून चांगली अंगठी आम्हाला माहीत नाही. फक्त खडे मोजून बघा, एखादा खडा पडून त्या जागी दुसराच बसवला असेल तर शब्दच बिघडतो.

पण व्हिक्टोरियन अंगठी घेताना आतला मजकूर वाचल्याशिवाय घेऊ नका. काळं मीनाकाम, आत एखादं नाव आणि तारीख, कधी काचेखाली गुंफलेले केस, अशी अंगठी म्हणजे गेलेल्या माणसाची आठवण. १८६१ मध्ये अल्बर्ट गेल्यावर राणी शेवटपर्यंत काळ्या कपड्यांत राहिली आणि अशा शोकाच्या दागिन्यांची चाल आणखी वाढली. त्या फार सुंदर असतात, संग्रह करणारा माणूस तर जीव टाकेल, पण ज्याला माहीत नाही त्याच्या हातात आनंदाच्या दिवशी ही अंगठी पडली तर काय वाटेल याचा विचार करा. गिऱ्हाईकाला आम्ही हे नेहमी आधीच सांगतो.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला प्लॅटिनम आलं. हा धातू बारीक कामातही मजबूत राहतो, म्हणून तेव्हाच्या अंगठ्या लेससारख्या दिसतात, कडेने मण्यांची नाजूक ओळ. नाजूक बोटांसाठी उत्तम, पण त्या जाळीत साबण आणि क्रीम अडकून बसतं.

आर्ट डेको म्हणजे १९२० आणि ३० ची दशकं, नाव पडलं १९२५ च्या पॅरिसच्या प्रदर्शनावरून. सरळ रेषा, चौकोन, पायऱ्या, काळं-पांढरं, मध्येच लाल किंवा निळा पट्टा. इथे लोक एका गोष्टीने उगाच निराश होतात. त्या पट्ट्यातले बारीक माणिक किंवा नीलम पुष्कळदा लॅबमध्ये बनवलेले निघतात आणि गिऱ्हाईक म्हणतं म्हणजे फसवलं का. तसं नाही. वर्न्युई नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञाने ज्योतीत माणिक बनवण्याची पद्धत १९०२ मध्ये जाहीर केली, आणि डेकोच्या कारागिरांना एकसारख्या रंगाचे, हव्या त्या मापाने कापता येणारे खडे हवे होते म्हणून त्यांनी ते आनंदाने वापरले. म्हणजे ते त्या अंगठीचे ओरिजिनल खडेच आहेत. भिंगाखाली आत वळलेल्या रेषा दिसतात, ग्रामोफोनच्या तबकडीवर असतात तशा, नैसर्गिक माणकात अशा वळलेल्या रेषा नसतात, तिथे त्या सरळ आणि कोनात जातात. हे उघड सांगून आणि त्याच हिशोबाने किंमत लावून विकलं की झालं.

कॉकटेल रिंग हे नावही त्याच काळातलं, अमेरिकेत १९२० ते १९३३ दारूबंदी होती आणि चोरून होणाऱ्या पार्ट्यांमध्ये बायका मुद्दाम भल्यामोठ्या अंगठ्या घालायच्या. १९४० च्या दशकात युद्धामुळे प्लॅटिनम मिळेना, मग गुलाबी-पिवळं सोनं, मोठमोठे वळसे, घसघशीत खडे. पहिल्यांदाच जुनी अंगठी गिफ्ट देणाऱ्याला आम्ही बहुतेक वेळा हीच सुचवतो, कारण ती रांगडी असते, वापर सहन करते आणि साध्या शर्टावरही उठून दिसते.

हिऱ्यांबद्दल थोडं. १९१९ मध्ये हिरे कापणाऱ्या घराण्यातल्या टोल्कोव्स्कीने हिऱ्याच्या कोनांचं गणित मांडलं, आजचा कट त्यावरून आला. त्याआधीचे हिरे हाताने, डोळ्याच्या अंदाजाने कापलेले, वरून बघितलं की मधोमध छोटं गोल छिद्र असल्यासारखं दिसतं. ते छिद्र नाही, खालचं टोक सपाट कापलेलं असतं. दिव्याच्या मंद उजेडात हे हिरे मोठमोठ्या रंगीत ठिणग्या टाकतात. कुणी "नवीन कट करून देतो" म्हणालं तर नको म्हणा.

ज्याला द्यायची त्याचा हात

अंगठीइतकाच हात बघा. जो माणूस दिवसभर टाइप करतो, बाळ सांभाळतो, ग्लोव्हज घालतो, बागेत माती उकरतो, त्याला उंच बसवलेला खडा त्रास देणार, त्याला पसरट आणि खाली बसलेली अंगठी द्या. खड्याचा कणखरपणाही बघा, मोह्स स्केलवर हिरा १०, माणिक-नीलम ९, पण ओपल जेमतेम ६ च्या आसपास, फिरोजा तसाच, आणि मोती तर ३-४ च्या घरात. म्हणजे मोती किंवा ओपल रोज घालायला नको, बाहेर जाताना घालायला. पाचू कणखर असला तरी बहुतेकदा आतून भेगाळलेला असतो आणि त्या भेगांत तेल मुरवलेलं असतं, त्यामुळे साफसफाईचं अल्ट्रासॉनिक मशीन (कंपनांनी मळ काढणारं) आणि वाफ पाचूला, ओपलला, मोत्याला आणि बंद कोंदणाला कायमची वर्ज्य.

साइजसाठी सरप्राइज मोडायची गरज नाही. त्या व्यक्तीची त्याच बोटात बसणारी एखादी अंगठी गुपचूप घ्या आणि आतला व्यास मिलिमीटरमध्ये मोजा, भोकाच्या मधोमध, एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत. रुंद पट्टीची अंगठी थोडी मोठी लागते, आणि बोटं उन्हाळ्यात फुगतात, थंडीत आकसतात. मोठ्या खड्याची अंगठी सैल झाली की खडा तळहाताकडे फिरतो, त्यावर आतून दोन छोटे सोन्याचे मणी बसवले की ती जागेवर राहते आणि मूळ पट्टी कापावी लागत नाही. जिथे सगळीकडून खडे आहेत किंवा पूर्ण पट्टीवर मीनाकाम आहे तिथे साइज बदलण्याचा विचारच सोडा, सरळ दुसरं बोट किंवा दुसरी अंगठी शोधा. बाकी अंगठ्यांचा साइज बदलतो पण जुन्या सोन्याचं काम घाईत होत नाही, म्हणून सुट्ट्यांच्या आदल्या आठवड्यात येऊ नका, निदान तीन-चार आठवडे आधी या.

प्रत्येक अंगठीसोबत आम्ही हाताने लिहिलेली एक चिठ्ठी देतो. अंगठी अंदाजे कोणत्या काळातली, धातू कोणता, कोणता खडा मूळचा, कोणता नंतर बसवलेला, कुठे डाख दिलाय, कशाने साफ करायची. ती फेकून देऊ नका, डबीच्या तळाशी मखमलीखाली ठेवा, चिठ्ठीत खाली मोकळी जागा मुद्दाम सोडलेली असते, तिथे तुम्ही कुणाला आणि कधी दिली तेवढं लिहा.